बर्फ वितळला की विरघळला?

भाचीच्या विज्ञानाच्या वहीत एका शब्दावर लाल काट होती. तिने लिहिलं होतं, 'उन्हात ठेवलेला बर्फ विरघळला.' बाईंनी 'विरघळला' खोडून वर 'वितळला' लिहिलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता. वही माझ्यासमोर आपटून ती म्हणाली, "सगळे विरघळलाच म्हणतात. मावशी, तूसुद्धा म्हणतेस."

म्हणते खरी. रसायनशास्त्रात पदवी घेतली, पुढे काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, तरी फ्रिजचं दार उघडं राहिलं की माझ्या तोंडून "अगं, बर्फ विरघळेल" असंच निघतं. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसतात. माणसांच्या बाबतीत मात्र आपण काटेकोर असतो. चार गोड शब्द ऐकून माणूस विरघळतो, वितळत कधीच नाही.

तरी मी बाईंची बाजू घेतली. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं, असं तिला सांगितलं. मेण एकटं वितळतं. मीठ एकटं विरघळू शकत नाही, त्याला पाणी हवं. तिला पटलं असावं. वही मिटून ती निघाली आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली. "मग बर्फावर मीठ टाकतात तेव्हा?"

थंड देशांत रस्त्यावरच्या बर्फावर मीठ पसरतात, ते तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. मीठ गरम असतं का, हा तिचा खरा प्रश्न. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की दोन मिनिटांपूर्वी वितळणं आणि विरघळणं यांच्यामध्ये मी जी सुबक रेघ आखली, ती इथे टिकत नाही.

आम्ही बर्फ कुटला. स्टीलच्या ग्लासात साधारण तीन भाग बर्फ, एक भाग मीठ. माझ्या जुन्या खोक्यातला लाल अल्कोहोलचा थर्मामीटर निघाला, उणे २० पासून ११० पर्यंतचा. नुसत्या ओल्या बर्फात तो शून्यावर मुकाट उभा होता. मीठ घालून चमच्याने ढवळलं तशी लाल रेघ खाली घसरायला लागली. उणे पाच, उणे दहा, मग जरा रेंगाळत उणे सतराच्या आसपास. तोवर ग्लासाच्या बाहेरून आधी दव आलं, मग तेच दव पांढरं होऊन खरखरीत झालं. भाचीने नखाने त्यावर आपलं आद्याक्षर कोरलं.

"मीठ गरम नसतं," तिने जाहीर केलं.

नसतंच. तरी बर्फाचं पाणी होत होतं, शून्याच्या कितीतरी खाली आणि भराभर. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. बाहेरून ती पुरेशी मिळत नसेल तर तिथल्याच बर्फातून, खाऱ्या पाण्यातून, ग्लासाच्या पत्र्यातून ओढली जाते, आणि सगळं मिश्रण गार पडत जातं. मिठाच्या बाबतीत ही घसरण उणे २१.१ अंश सेल्सिअसला थांबते. तेव्हा खाऱ्या पाण्यात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असतं. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपल्या मोजपट्टीचं शून्य कशावर बेतलं ते लिहिलं, तेही असलंच एक मिश्रण होतं: बर्फ, पाणी आणि नवसागर.

पण हे झालं गार का पडतं त्याचं उत्तर. शून्याला वितळणारा बर्फ इतक्या खाली मुळात वितळतोच का, हे मला पहिल्यांदा कळलं ते एका खोट्या आकड्यामुळे. खोटा आकडा माझाच होता.

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. बेन्झॉइक ॲसिड तयार करायचं, गरम पाण्यातून रिक्रिस्टलाइज करायचं, म्हणजे विरघळवून पुन्हा स्फटिक पाडायचे, आणि द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं तापमान, काढून दाखवायचा. स्फटिक सुरेख आले होते, चपटे आणि चमकदार. ते नीट वाळवायला हवे होते. मी घाईने दोन फिल्टर पेपरांमध्ये दाबले आणि झालं म्हटलं. मग कॅपिलरी. केसाहून थोडी जाड अशी ती काचेची नळी, तिचं एक टोक बर्नरच्या ज्योतीच्या कडेला फिरवत बंद करायचं. उघड्या टोकाने पूड टोचून घ्यायची आणि नळी टेबलावर ठक ठक आपटत ती तळाशी बसवायची. दोन-तीन मिलिमीटर पुरे. मग कॅपिलरी थर्मामीटरच्या फुग्याला चिकटवून दोऱ्याने बांधायची आणि लिक्विड पॅराफिन भरलेल्या थीले ट्यूबमध्ये सोडायची. योहानेस थीले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही १९०७ मधली करामत. नळीला एका बाजूने कानासारखा फाटा असतो. तापवायचं ते त्या कानाला. तेल आपोआप फिरत राहतं, ढवळावं लागत नाही.

आणि मग डोळे फाडून बघत बसायचं. शेवटच्या दहा-पंधरा अंशांत पारा मिनिटाला एक-दोन अंशांहून जास्त चढू द्यायचा नाही, त्यामुळे हा वेळ फार लांबतो. पूड आधी घाम फुटल्यासारखी ओलसर दिसते. मग काचेपासून सुटते, आक्रसते, मधेच खचते. एका कडेला पारदर्शक थेंब दिसतो तो पहिला आकडा. शेवटचा पांढरा ठिपका नाहीसा होतो तो दुसरा. शुद्ध पदार्थात हे दोन्ही आकडे अंगाला अंग लावून असतात, जेमतेम एखाद्या अंशाच्या अंतरात.

माझा पहिला आकडा ११२ आला आणि दुसरा ११८. पुस्तकात १२२. मी वहीत लिहिलं: १२१–१२२.

सरांनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "उरलेलं दाखव." वॉच ग्लासमधले स्फटिक त्यांनी कोऱ्या फिल्टर पेपरवर घेऊन स्पॅच्युलाने दाबले. कागदावर ओला डाग उमटला. "हे १२१ ला वितळणार नाही," एवढंच म्हणाले. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहत होते. ते कपाटातून दोन बाटल्या घेऊन आले. दोन्हीत पांढरी पूड, एकीत युरिया, दुसरीत सिनॅमिक ॲसिड. दोन्हींचे द्रवणांक काढ म्हणाले. दोन्ही १३३ च्या आसपास आले, स्वच्छ, एका दमात. मग म्हणाले, समभाग घेऊन खलात घोट आणि आता काढ.

मला वाटलं, १३३ मध्ये १३३ मिसळले तर १३३ च येणार. पारा १३० च्या जवळपासही नसताना कॅपिलरीतली पूड ओली झाली, खचली आणि बघता बघता वाहून गेली.

"अशुद्धीने द्रवणांक उतरतो," मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"बरोबर. यातलं अशुद्ध कोण, युरिया की सिनॅमिक ॲसिड?"

या प्रश्नाला मी आजही मनातल्या मनात दाद देते. दोन्ही बाटल्या शुद्धच होत्या. युरियाच्या दृष्टीने सिनॅमिक ॲसिड ही घाण, सिनॅमिक ॲसिडच्या दृष्टीने युरिया. अशुद्धी हा त्या पदार्थाचा गुण नव्हेच. कोण कुणाच्या घरात शिरलंय एवढाच त्याचा अर्थ. या युक्तीवर रसायनशास्त्राने कितीतरी वर्षं काढली. आधुनिक यंत्रं येण्याआधी, प्रयोगशाळेत बनवलेला पदार्थ आणि झाडातून काढलेला पदार्थ एकच आहे का, हे ठरवायचं तर दोन्ही मिसळून द्रवणांक बघत. तसाच राहिला तर पदार्थ एक, उतरला तर दोन.

द्रवणांक का उतरतो, हे समजायला स्फटिकाच्या पृष्ठभागापाशी जाऊन उभं राहावं लागतं. वितळू लागलेल्या कुठल्याही स्फटिकाच्या कडेला सतत ये-जा चाललेली असते. काही रेणू रांग सोडून द्रवात निसटतात, काही द्रवातून येऊन रांगेत पुन्हा बसतात. जाणारे आणि येणारे ज्या तापमानाला बरोबरीत असतात, तो द्रवणांक. आता त्या द्रवात परके रेणू शिरले. स्फटिकातून निसटणाऱ्यांना काही फरक पडत नाही, ते पूर्वीच्याच वेगाने निसटत राहतात. पण द्रवातून येऊन धडकणाऱ्यांत आता काही परके आहेत, आणि त्यांना त्या रांगेत जागा नाही. परतणाऱ्यांची संख्या घटली. जाणारे जास्त, येणारे कमी, म्हणजे स्फटिक संपत चालला. बरोबरी पुन्हा साधायची तर निसटण्याचा वेग कमी व्हायला हवा, म्हणजेच तापमान उतरायला हवं. बर्फावरच्या मिठाने एवढंच केलं होतं. बर्फाला त्याने हातही लावला नाही. परतीची वाट अडवली.

म्हणूनच डोळ्यांना दिसणारी घाण आणि द्रवणांकाला कळणारी घाण वेगळी. बेन्झॉइक ॲसिडमध्ये वाळूचा कण पडला तर पूड बघवत नाही, पण द्रवणांक ढिम्म हलत नाही, कारण वाळू त्या द्रवात विरघळतच नाही. याउलट अजिबात न दिसणारा ओलावा माझे चार ते दहा अंश खाऊन गेला.

आणि द्रवात शिरलेला परका कोण आहे याच्याशीही निसर्गाला फारसं देणंघेणं नाही, तो डोकी मोजतो. चार्ल्स ब्लॅग्डेनने १७८८ मध्ये दाखवून दिलं की पाण्यात जितकं मीठ जास्त, तितका गोठणबिंदू त्या प्रमाणात खाली. पुढे शंभरेक वर्षांनी फ्रान्समध्ये राऊल्टने अनेक पदार्थ घेऊन हिशोब बसवला. एक किलो पाण्यात ६० ग्रॅम युरिया विरघळवला, म्हणजे एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या), तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. त्याच हिशोबाने एक मोल मिठालाही, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅमला, तेवढंच उतरवता यायला हवं. प्रत्यक्षात ते जवळपास दुप्पट उतरवतं. जणू मिठाच्या प्रत्येक डोक्यामागे आणखी एक डोकं लपलेलं. स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियसने याचा अर्थ लावला: पाण्यात मीठ फुटून सोडियम आणि क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण, म्हणजे आयन, होतात. त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला विद्यापीठाने कसाबसा पासाचा शेरा दिला होता. १८८७ मध्ये त्याने हीच कल्पना पक्की करून मांडली तेव्हा गोठणबिंदूचे असले न जुळणारे आकडे त्याच्या बाजूने साक्षीला उभे होते. १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. थर्मामीटरवरच्या दीड-दोन अंशांतून आयन सापडले, हे मला अजूनही जरा अतिच वाटतं.

पाणी तसं या बाबतीत चिवट म्हणायचं. कापूर फार हळवा. पाणी जिथे १.८६ अंशांनी उतरतं, तिथे कापूर तितक्याच प्रमाणातल्या परक्या रेणूंनी सुमारे ४० अंशांनी उतरतो. कार्ल रास्टने १९२२ मध्ये याचा फायदा उचलला: चिमूटभर अनोळखी पदार्थ कापरात वितळवायचा, द्रवणांक किती उतरला ते साध्या थर्मामीटरने बघायचं आणि त्यावरून रेणूचं वजन काढायचं.

द्रवणांक नुसता उतरत नाही, फाकतो, हे मात्र माझ्या डोक्यात बरंच उशिरा शिरलं. ११२ ते ११८. एकच पूड, एकच कॅपिलरी. मग पहिला थेंब आणि शेवटचा ठिपका यांच्यात सहा अंश कुठून आले? गंमत अशी की पहिला थेंब सगळ्यात घाणेरडा असतो. पुडीतली जवळजवळ सगळी अशुद्धी त्या इवल्याशा पहिल्या द्रवात गोळा होते, म्हणून तो इतक्या खालच्या तापमानाला तयार होऊ शकतो. मग आणखी स्फटिक त्यात उतरत जातात, द्रव वाढतो, अशुद्धी तेवढीच राहते, म्हणजे पातळ होते. द्रव जितका स्वच्छ, तितकं पुढच्या स्फटिकाला उतरायला जास्त तापमान लागतं. शेवटचा ठिपका जातो तो शुद्ध पदार्थाच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ. त्या दोन आकड्यांमध्ये एक आख्खी प्रक्रिया घडलेली असते, आणि मी ती १२१–१२२ मध्ये कोंबून टाकली होती.

हेच उलट बाजूने बघितलं तर गोठताना पहिला स्फटिक सगळ्यात स्वच्छ. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठतं, पण बनणारा बर्फ मीठ बाहेर ढकलतो. थोडं खारं पाणी काय ते फटींत अडकून राहतं. बेल प्रयोगशाळेत विल्यम फॅनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या एका गोष्टीवर ट्रान्झिस्टरच्या धंद्याची मोठी अडचण सोडवली. ट्रान्झिस्टर ज्याचे बनत त्या जर्मेनियमची कांडी घ्यायची, तिचा एक अरुंद पट्टाच वितळवायचा आणि तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवत न्यायचा. मागे जे गोठतं ते स्वच्छ, अशुद्धी वितळलेल्या पट्ट्याबरोबर पुढे. पुन्हा पहिल्या टोकापासून, पुन्हा, पुन्हा. केर लोटत दारापर्यंत न्यावा तसा. अशाने दहा अब्ज अणूंमागे एखादी अशुद्धी इतपत शुद्धता गाठता आली. जी गोष्ट माझा आकडा बिघडवते तीच हा केर काढते.

भेसळ वाढवत गेलं तर द्रवणांक उतरतच जातो का? नाही. युरियात सिनॅमिक ॲसिड घालत जा, उतरेल; सिनॅमिक ॲसिडमध्ये युरिया घालत जा, तोही उतरेल. दोन्ही उतार कुठेतरी भेटणार. त्या तळाला युटेक्टिक म्हणतात. १८८४ मध्ये फ्रेडरिक गथ्रीने 'सहज वितळणारं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवलेलं हे नाव. मीठ-बर्फाचे उणे २१ अंश म्हणजे त्यांचा तळ. कथील २३२ ला वितळतं, शिसं ३२७ ला; सुमारे ६३ टक्के कथील आणि बाकी शिसं घेतलं की १८३. इलेक्ट्रॉनिक्सची डाखणी इतकी वर्षं याच आकड्यावर चालली.

आणि इथे एक फसवणूक दडलेली आहे. बरोबर युटेक्टिकच्या प्रमाणातलं मिश्रण शुद्ध पदार्थासारखंच वितळतं, एका ठरावीक तापमानाला, जराही न फाकता. म्हणजे माझ्या वहीतला तो देखणा १२१–१२२ खराखुरा आला असता तरी केवळ तो देखणा आहे म्हणून सरांनी मानला नसता. शुद्ध बेन्झॉइक ॲसिडची चिमूट मिसळून पुन्हा बघ म्हणाले असते.

सगळेच परके द्रवणांक उतरवतात असंही नाही. वरचा सारा हिशोब परक्याला रांगेत जागा नाही या गृहीतावर उभा आहे. चांदी आणि सोन्याचे अणू आकाराने इतके सारखे की ते एकमेकांच्या रांगेत खुशाल बसतात. ९६२ ला वितळणाऱ्या चांदीत सोनं घालत गेलं तर द्रवणांक उतरत नाही, १०६४ च्या दिशेने चढतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळायला २००० अंशांच्याही वर जावं लागतं, आणि वितळल्याशिवाय त्यातून वीज सोडून धातू काढता येत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघेही विशीच्या सुरुवातीचे, एकमेकांना न ओळखणारे, एकाच उत्तरावर आले: वितळवू नका, विरघळवा. क्रायोलाइट नावाचं खनिज हजार अंशांच्या आसपास वितळतं. त्यात ॲल्युमिना विरघळतो, आणि वर ॲल्युमिनामुळे क्रायोलाइटचा स्वतःचा द्रवणांकही उतरतो. ९५० ते ९६० अंशांच्या त्या कढईत कोण कुणाला विरघळवतंय, हा सरांचाच प्रश्न. (हे दोघे जन्मले एकाच वर्षी, १८६३ मध्ये, आणि गेलेही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. याचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही.)

मीठ-बर्फाचा आलेख मी भाचीला कागदावर काढून दाखवला. आडवं मीठ, उभं तापमान, शून्यापासून खाली उतरणारी रेघ. ती रेघ डावीकडून वाचली तर सांगते: एवढं मीठ असेल तर बर्फ एवढ्या तापमानाला वितळतो. तीच रेघ खालून वाचली तर सांगते: एवढ्या तापमानाला खाऱ्या पाण्यात बर्फ एवढाच विरघळतो, त्यापुढे नाही. आलेखावर दोन रेघा नाहीतच. सिनॅमिक ॲसिड वितळत नव्हतं, युरियात विरघळत होतं. युरिया वितळत नव्हता, सिनॅमिक ॲसिडमध्ये विरघळत होता. आणि कॅपिलरीकडे बघणारी मी त्याला वितळणं म्हणत होते. परिभाषेनेही हे सोडवलेलं नाही. द्रवणांक, द्रावण, द्रावक, द्राव्य, सगळी पोरं 'द्रु' या एकाच धातूची.

"म्हणजे माझं बरोबर?" ती.

"उन्हातला बर्फ? नाही. तो एकटाच होता."

तिने ग्लासातल्या खाऱ्या पाण्यात तरंगणारा शेवटचा खडा चमच्याने हलवला. तोवर लाल रेघ उणे बारावर आली होती आणि बाहेरचं तिचं आद्याक्षर पुसट झालं होतं. मग वही उघडून लाल काटेच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने तिने लिहिलं: 'मीठ टाकलं तर विरघळला.'

परवा वही परत आली. अर्धा मार्क काही मिळाला नाही. समासातल्या वाक्यापुढे बाईंनी लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढलंय.